गर्भाशयमुखावरील शस्त्रक्रिया आणि पुढचे बाळंतपण

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात राबणाऱ्या घरांमध्ये नव्या सुनेकडून पाळणा लवकर हलावा, अशी अपेक्षा असते. अशा घरातल्या बाईला डॉक्टरांनी सांगितले, की गर्भाशयमुखावरच्या पेशी बदलल्या आहेत, तेवढा भाग काढावा लागेल, तर तिचा पहिला प्रश्न असतो, 'मग मला मूल होईल ना?' या प्रश्नाचे उत्तर आपण शोधू या.

गर्भाशय म्हणजे नाडी आवळलेला बटवा समजा. नाडीच्या जागी असते गर्भाशयमुख, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचे. ते मुख्यतः कोलॅजेनच्या चिवट तंतूंचे बनलेले असते. गरोदरपणात ते मिटलेले राहते आणि त्यातले चिकट स्रावाचे बूच जंतूंना वर जाऊ देत नाही.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूंचे काही प्रकार इथे वर्षानुवर्षे टिकून राहिले, तर पेशी बदलू लागतात. हा कर्करोग नव्हे. सौम्य बदल बहुधा आपोआप जातात. तीव्र बदल मात्र तसेच सोडले, तर तीस वर्षांत दहापैकी सुमारे तिघींना कर्करोग होतो. म्हणून तो भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करतात, नाही तर विजेच्या तारेच्या कडीने वा सुरीने शंकूच्या आकाराचा तुकडा कापून काढतात.

मग बाळंतपणाचे काय? या उपचाराने गर्भ राहण्याची शक्यता कमी झाल्याचे आढळलेले नाही. प्रश्न असतो तो बाळ पूर्ण दिवस पोटात राहण्याचा. तुकडा गेला की नाडीची जागा आखूड होते आणि स्राव करणाऱ्या ग्रंथीही घटतात. २०१६ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३७ आठवड्यांपूर्वी बाळंत होण्याचे प्रमाण उपचार न झालेल्यांत शंभरात सुमारे ५, तर उपचार झालेल्यांत ११ होते. तुकडा जितका खोल, तितका धोका अधिक. दुसऱ्यांदा कापावे लागले तर आणखी जास्त. तरीही शंभरातल्या जवळजवळ नव्वद जणींचे दिवस पूर्ण भरतात, हे विसरू नये.

सैल पडलेली नाडी पुन्हा आवळता येईल का? मूळचे गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुंबईत हेच केले. मांडीतून काढलेल्या चिवट पटलाची पट्टी त्यांनी गर्भाशयमुखाभोवती बांधली आणि १९५५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. 'शिरोडकर टाका' आज जगभर ओळखला जातो. मात्र तो प्रत्येकीला लागत नाही. सोनोग्राफीत गर्भाशयमुख फार आखूड दिसले किंवा पूर्वी दिवस भरण्याआधीच गर्भ गेला असेल, तर डॉक्टर त्याचा विचार करतात.

तेव्हा भीतीपोटी उपचार टाळणे धोक्याचे. उपचारापूर्वी 'मूल हवे आहे' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे गरजेपुरताच भाग काढण्याचा विचार होतो. दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीत जुन्या शस्त्रक्रियेची माहिती द्यावी आणि कागद जपून ठेवावेत. आपल्या वर्गातल्या मुलींच्या बाबतीत तर ही वेळच सहसा येऊ नये, असा उपाय आहे : नऊ ते चौदा या वयात या विषाणूविरुद्धची लस. पालकसभेत एवढे सांगणे आपल्या हातात आहे.