एक्स-रेत न दिसणारी कोय

ज्येष्ठात जामाईषष्ठी हा जावयाच्या कौतुकाचा सण येतो तेव्हा कोलकात्याच्या डमडम भागात घराघरांत जावयासाठी हिमसागर आंबे आणि मटणाचा बेत असतो. जेवणं आटोपली की कोयी आणि हाडं केराच्या बादलीत जातात आणि घरचा कुत्रा त्या बादलीभोवती घुटमळू लागतो. आपल्याकडे आमरसाच्या रविवारी हेच होतं. चपटी, रसानं निसरडी झालेली कोय कुत्र्याच्या घशाखाली विनासायास उतरते. पुढच्या वाटेवर मात्र ती जिवावर बेतू शकते.

कुत्र्याचे दात मांस कापायला आणि हाड फोडायला बनलेले आहेत, घास बारीक करायला नाहीत. कळपात शिकार वाटून खाणाऱ्या त्याच्या पूर्वजांमध्ये सावकाश चावणाऱ्याच्या वाट्याला फारसं उरत नसे. काही जातींत भूक शमल्याची जाणीवच अधू असते. केंब्रिज विद्यापीठाच्या एलेनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉर कुत्र्यांत ‘पीओएमसी’ या जनुकातला एक छोटा तुकडा गळालेला असतो आणि त्याचा संबंध खाण्याच्या ओढीशी आणि वाढत्या वजनाशी आहे. अशा कुत्र्याला हावरट म्हणून बदडणं अन्यायाचं आहे. बादलीला घट्ट झाकण लावणं आपल्या हातात आहे, त्याच्या नाही.

अन्ननलिका चांगली ताणली जाते, तरी तीन ठिकाणी ती जखडलेली असते: छातीत शिरताना, हृदयाच्या बुडाशी आणि छाती-पोटामधल्या पडद्यातून पोटात उतरण्याआधी. हाडाचा तुकडा बहुधा यांपैकी एखाद्या जागी अडकतो. कुत्रा लाळ गाळतो, वारंवार गिळल्यासारखं करतो, खाल्लेलं न पचता तसंच बाहेर टाकतो. इथं काही तासांची दिरंगाईही महाग पडते, कारण दाबामुळे नळीची भिंत मरू लागते.

जठरात अडकलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी, आणि तीच जास्त फसवी. जेवण पचत असताना जठराचं खालचं दार साधारण दोन मिलिमीटरपर्यंतचे कणच पुढं सोडतं. मोठं काही असेल तर ते मागं ठेवलं जातं. पोट रिकामं झालं की जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक जोरदार लाट जाते आणि उरलंसुरलं झाडून नेते. उपाशीपोटी या लाटेची पाळी दर दीड-दोन तासांनी येते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ शुर्झेव्स्की यांनी १९६९ मध्ये या लाटेच्या विद्युत-हालचालींची नोंद केली ती कुत्र्याच्याच आतड्यात. आपल्या पोटातही ती असते.

कोय या लाटेनंही दारातून जात नाही. ती दाराशी आली की कुत्रा ओकतो आणि मागं घरंगळली की शेपूट हलवत पुन्हा जेवायला येतो. ‘काल ओकला, आज बरा आहे’ असं म्हणत दिवस जातात. एखादी लहान कोय किंवा मक्याच्या बुरकुंड्याचा तुकडा दारातून निसटला तर तो अरुंद आतड्यात रुततो. अडथळ्याच्या वर पाणी आणि वायू साचून आतडं फुगतं, भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, भिंत काळी पडते आणि शेवटी फाटते. मग आतल्या घाणीनं सगळ्या पोटात जंतुसंसर्ग पसरतो. अडथळा जठराच्या दाराशी किंवा लगत खाली असेल तर सततच्या उलट्यांतून आम्ल वाहून जातं, रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम घटतं. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी सलाइन लावून हे क्षार भरून काढावे लागतात. घाईत असलेल्या मालकाला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण भूल सोसण्याची ताकद त्यातूनच येते.

डमडमहून मेट्रोनं शहराकडे निघालं की पहिलंच स्टेशन बेलगाछिया. १८९३ साली तिथं बंगालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, मुंबईत परळला असंच महाविद्यालय सुरू झाल्यानंतर सात वर्षांनी. अशा ठिकाणी कुत्रा नेला की पहिला एक्स-रे होतो, आणि पुष्कळदा त्यात वस्तू दिसतच नाही. नाणं किंवा सुई ठळक उमटते. कोय, बुरकुंडा, मोजा, प्लॅस्टिक यांची सावली आसपासच्या मांसासारखीच पुसट पडते. डॉक्टर मग फुगलेलं आतडं शोधतात. लहान आतड्याची जाडी कमरेच्या पाचव्या मणक्याच्या उंचीच्या १.६ पटीहून अधिक भरली, तर अडथळ्याची शंका बळावते. सोनोग्राफीनं चित्र आणखी स्पष्ट होतं. तरीही ‘चार कोयी होत्या, बादलीत तीनच सापडल्या’ हे घरच्यांचं एक वाक्य तपासणीची दिशा ठरवतं. शेवटचं कधी जेवला, शी कधी झाली, किती वेळा ओकला, हे लिहून न्यावं.

दोऱ्याचा धोका तर आणखी वेगळा. सप्टेंबरमध्ये विश्वकर्मा पूजेला कोलकात्याचं आकाश पतंगांनी भरतं आणि गच्च्यांवर, गल्ल्यांत मांजा पडून राहतो. गिळलेल्या दोऱ्याचं एक टोक जठराच्या दाराशी अडकतं, उरलेला आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढं ढकलू पाहतं आणि स्वतःच त्याच्यावर गोळा होतं, नाडी ओढल्यावर परकराच्या नेफ्याला चुण्या पडाव्यात तसं. ताणलेला दोरा चुणीच्या आतल्या कडेला करवतीसारखा कापत जातो आणि एकाच वेळी अनेक भोकं पडू शकतात. म्हणून तोंडातून वा गुदद्वारातून लोंबणारं टोक कधीही ओढू नये.

मिठाचं पाणी पाजून ओकायला लावणं तर मुळीच नको. रक्तातलं सोडियम एकदम वाढून मेंदूला इजा होते, झटके येतात. टोकदार वस्तू उलटून वर येताना अन्ननलिका फाडू शकते. बटण-बॅटरीच्या बाबतीत तर मिनिटं मोजायची. ती ओल्या ऊतीला चिकटली की वीज वाहू लागते, ऋण टोकाशी अल्कली तयार होते आणि पाव-अर्ध्या तासात भिंत जळायला लागते. अमेरिकेतल्या मराठी घरांनी एक सेंटच्या नाण्याचीही धास्ती बाळगावी. १९८२ नंतरचं ते नाणं जवळजवळ सगळं जस्ताचं असतं. जठराच्या आम्लात जस्त विरघळतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. आपली आजची एक-दोन रुपयांची नाणी पोलादाची असल्यानं हा विषारी धोका त्यांत नाही, अडकण्याचा मात्र आहे.

वस्तू जठरातच असेल तर ती दुर्बिणीतून काढता येते. कोयीसारखी निसरडी, मोठी वस्तू मात्र चिमट्यात टिकत नाही, तेव्हा पोट उघडावं लागतं. आतड्याला टाके घालताना सुई भिंतीच्या आतल्या अस्तराखालच्या चिवट थरातून गेलीच पाहिजे, कारण टाक्याला धरून ठेवतो तो हाच थर. अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी १८८७ मध्ये हे दाखवून दिलं. प्रयोग कुत्र्यांवर झाले होते आणि माणसांच्या आतड्यावरच्या शस्त्रक्रिया त्या ज्ञानावर उभ्या राहिल्या. टाके सुटून गळती होण्याची भीती सर्वाधिक असते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. तोवर कुत्रा जेवायला लागलेला असतो, घरचे निर्धास्त झालेले असतात. नेमक्या त्या दिवसांत त्याला ताप आला, तो पुन्हा ओकू लागला किंवा कोपऱ्यात मलूल पडून राहिला, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावं.