चाई पडली, आता काय?

लालबागच्या सलूनमध्ये आपण मान खाली घालून बसलोय आणि कारागीर म्हणतो, "साहेब, मागे चाई पडलीये." गुळगुळीत, रुपयाएवढा चट्टा. घरचे म्हणतात, किड्याने केस खाल्ले. किडा वगैरे काही नसतो, आणि हे दुसऱ्याला लागतही नाही. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते. पण मूळ मरत नाही, म्हणून एखाददुसरा चट्टा अनेकदा वर्षभरात आपोआप भरतो. (आणि श्रेय जातं तेलाला!)

आयुर्वेदात याला इंद्रलुप्त म्हणतात. त्यावर गुंजेचा लेप सांगितलाय, पण गुंज विषारी. घरी प्रयोग नको. वैद्यांकडे जायचंच तर वरळीला पोदार रुग्णालय आहे. मात्र आधी परळला केईएमच्या त्वचा विभागात दाखवून घ्या. तिथे गरज वाटली तर थायरॉइड तपासतात, चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. डोकं बरंच रिकामं झालं असेल तर बॅरिसिटिनिबच्या गोळ्या आहेत. अमेरिकेत त्यांना २०२२ मध्ये मान्यता मिळाली. रक्त तपासल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत. आणि काढा चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी चालू असेल तर वैद्यांना. लपवू नका.

नवे केस आधी पांढरे येऊ शकतात. घाबरू नका, रंग बहुधा मागाहून धरतो.