ग्राहकांची यादी स्वतःच्या सर्व्हरवर आणताना: सॉफ्टवेअर बदला, अमानत सांभाळा

रमजानच्या दोन महिने आधी आमच्या परिचयातील एका उमराह टूर्सच्या ऑफिसने आपल्या ग्राहकांची सगळी यादी क्लाउड सीआरएममधून काढून स्वतःच्या सर्व्हरवर आणली. या कामात आम्हीही सोबत बसलो होतो. तीन दिवसांत काम उरकले. आठवड्याने नव्या सॉफ्टवेअरमधून पहिला मेसेज गेला, रमजान उमराहचे बुकिंग सुरू झाल्याचा. तासाभरात एका बाईंचा फोन आला. ज्यांच्या नावाने तो मेसेज गेला होता, त्या त्यांच्या शोहरचा आठ महिन्यांपूर्वीच इंतकाल झाला होता. ऑफिसला हे माहीत होते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी तशी नोंदही करून ठेवली होती. पण ती नोंद 'नोट्स'मध्ये होती आणि आम्ही फक्त 'कॉन्टॅक्ट्स' उचलून आणले होते.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती, आमची होती. त्या बाईंची माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनाने माफही केले. आज आपल्यातील अनेक टूर्सवाले, केटरर्स, क्लासेसवाले, निकाहची स्थळे पाहणारे ब्युरो असे काम करायचा विचार करत आहेत. आमच्या हातून जे झाले ते त्यांच्या हातून होऊ नये, म्हणून हा लेख.

सीआरएम म्हणजे काय आणि लोक ते का बदलतात?

पूर्वी दुकानात एक वही असायची. ग्राहक कोण, राहतो कुठे, मागच्या वेळी काय बोलणे झाले, बाकी किती, हे सगळे त्यात असे. सीआरएम ही त्याच वहीची संगणकावरची आवृत्ती. क्लाउड सीआरएममध्ये ही वही दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. आपण महिन्याला भाडे भरतो आणि इंटरनेटवरून ती उघडतो. स्वतः चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वही आपल्याच संगणकावर किंवा आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर असते.

बदलण्याची कारणे बहुतेकांची सारखीच आहेत. भाडे दर माणशी, दर महिना आणि अनेकदा डॉलरमध्ये असते. ऑफिसात दोन मुले वाढली की बिल वाढते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नवे नियम लागू झाले, तेव्हा परदेशी कंपन्यांना कार्डावरून आपोआप जाणारे अनेकांचे हप्ते अडकले होते. हप्ता अडकला आणि खाते बंद पडले, तर ऐन हंगामात आपलीच यादी आपल्याला उघडता येत नाही.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. उमराहच्या ऑफिसात पासपोर्टच्या प्रती असतात, घरातील स्त्रियांची नावे, फोटो आणि नंबर असतात. निकाह ब्युरोकडे तर त्याहून नाजूक माहिती असते. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाला मांडले गेले. ते फोटो सोशल मीडियावरून उचललेले होते, कोणाच्या ग्राहक यादीतून नव्हे. तरीही त्यानंतर 'आमचा फोटो, आमचा नंबर तुमच्याकडे कुठे असतो?' असे एखाद्या आपाने विचारले, तर त्याला नेमके उत्तर देता आले पाहिजे.

आधी एक सावधगिरीची गोष्ट

स्वतःच्या सर्व्हरवर आणले म्हणजे माहिती आपोआप सुरक्षित झाली, असे समजू नका. मोठ्या कंपनीकडे रात्रंदिवस पहारा देणारी माणसे असतात. आपल्याकडे तो पहारा आपणच द्यायचा आहे. सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करणारा, बॅकअप पाहणारा एक तरी माणूस नक्की ठरलेला नसेल, तर हे काम हाती घेऊ नका. आणि ग्राहक दोनशेच्या आतच असतील, तर पासवर्ड लावलेली एक साधी स्प्रेडशीटही पुरते.

निर्णय पक्का असेल, तर मोफत आणि खुले पर्याय आहेत. एस्पोसीआरएम हलके आहे आणि पीएचपी व मायएसक्यूएल असलेल्या साध्या सर्व्हरवर चालते. सुईटसीआरएम हे शुगरसीआरएमच्या मोफत आवृत्तीपासून २०१३ मध्ये तयार झाले. त्यात सोयी जास्त आणि शिकायलाही जास्त. हिशेब, साठा, बिले सगळे एकत्र हवे असेल, तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट आहे. त्याच कंपनीचे वेगळे सीआरएमही आहे. लहान ऑफिसला आम्ही हलके सॉफ्टवेअर सुचवू.

पहिले पाऊल: काय काय आहे ते कागदावर लिहा

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी एक यादी करा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती किती ठिकाणी विखुरली आहे? बहुतेक सीआरएममध्ये व्यक्ती, कुटुंब किंवा कंपनी, व्यवहार, नोट्स, कामाच्या आठवणी आणि जोडलेल्या फाइली हे सगळे वेगवेगळे एक्सपोर्ट होते. आम्ही फसलो ते इथेच. प्रत्येक भागाची वेगळी फाइल घ्या आणि प्रत्येक नोंदीसोबत जुन्या सॉफ्टवेअरचा आयडी क्रमांकही घ्या. कोणती नोट कोणत्या माणसाची, हे पुढे त्या क्रमांकावरूनच जुळते. पासपोर्टच्या स्कॅन प्रती सीएसव्ही फाइलमध्ये येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात.

हे सगळे वर्गणी चालू असतानाच करा. आधी वर्गणी बंद आणि मग एक्सपोर्ट, असा उलटा क्रम कधीही नको. उतरवलेल्या मूळ फाइलींची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिच्यात एक अक्षरही बदलू नका. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

दुसरे पाऊल: साफसफाई

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

*फोन नंबर.* सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडू नका. ९१ धरून बारा आकडी झालेला नंबर एक्सेल ९.१९ई+११ असा दाखवते. फाइल तशीच सेव्ह केली की शेवटचे आकडे गेलेच म्हणून समजा. सुरुवातीचे शून्य आणि अधिकचे चिन्हही उडते. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून फाइल आत घ्या, भाषेच्या संकेतात यूटीएफ-८ निवडा आणि नंबरचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा. मोफत मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क फाइल उघडतानाच हे सगळे विचारते. यूटीएफ-८ निवडले नाही, तर देवनागरी आणि उर्दूतील नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसतात.

सगळे नंबर एकाच पद्धतीने लिहा: अधिकचे चिन्ह, देशाचा क्रमांक, मग नंबर. कोकणातील ग्राहकांत हे विशेष पाहावे लागते. घरोघरी कोणी ना कोणी सौदीत, कुवेतमध्ये किंवा दुबईत आहे. दिसला दहा आकडी नसलेला नंबर की लाव पुढे ९१, असे केले तर सौदीचा ९६६ आणि दुबईचा ९७१ यांची वाट लागते.

*एकाच माणसाच्या दोन नोंदी.* मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद आणि मोहद अशा चार प्रकारे लिहिलेला माणूस एकच असू शकतो. म्हणून नावावरून जुळवणी होत नाही. मग नंबरवरून करावी म्हटले, तर दुसरी अडचण येते. आपल्याकडे घरातील पाच जणांच्या नोंदीत एकच नंबर असतो, बहुधा कर्त्या पुरुषाचा. 'सारख्या नंबरच्या नोंदी एकत्र करा' हे बटण दाबले, तर शोहर, बायको, अम्मी सगळे मिळून एकच माणूस होतील. आम्ही नंबर आणि नाव दोन्ही जुळले, तरच नोंद संशयित धरली आणि शेवटचा निर्णय माणसाने डोळ्यांनी पाहून घेतला. जिथे पासपोर्ट क्रमांक होता तिथे तोच खरा पुरावा.

*आडनाव.* अनेक सॉफ्टवेअरमध्ये आडनावाची जागा रिकामी सोडता येत नाही. 'फातिमा बी' यांना आडनाव कुठून आणायचे? आणि 'शेख अब्दुल करीम' यांचे आडनाव पुढे आहे. संगणकाला आपोआप नाव तोडू दिले, तर ते 'करीम' यांना आडनाव समजते. नियम एकच ठरवा आणि सगळीकडे तोच लावा.

*तारखा.* ०५/०४/२०२७ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? पासपोर्टची मुदत चुकीची चढली, तर विमानतळावर जाऊन कळते. वाईट म्हणजे १२ पेक्षा मोठा दिवस असेल तिथे सॉफ्टवेअर चूक दाखवते, पण इतर ठिकाणी दिवस आणि महिना मुकाट्याने बदलून टाकते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहिले की घोळ राहत नाही.

*'मेसेज करू नका' ही खूण.* हा रकाना विसरलात, तर ज्यांनी स्पष्ट नको म्हटले होते त्यांना पुन्हा मेसेज जातात. तो रकाना आणि इंतकाल झालेल्यांची खूण, या दोन गोष्टी सगळ्यात आधी तपासा. मरहूम ग्राहकांसाठी नव्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा रकाना करा, नोट्सच्या भरवशावर राहू नका.

तिसरे पाऊल: आधी वीस, मग सगळे

पहिल्यांदा फक्त वीस नोंदी चढवा, आणि त्या मुद्दाम अवघड निवडा: उर्दूत नाव असलेली, आडनाव नसलेली, सौदीचा नंबर असलेली, पाच जणांच्या घरातील, लांबलचक नोट असलेली. त्या नीट उतरल्या, तरच पुढे जा. सगळी माहिती चढवताना क्रम असा ठेवा: आधी कुटुंबे किंवा कंपन्या, मग माणसे, मग नोट्स आणि फाइली. माणूसच नसेल तर नोट कुठे चिकटणार?

त्याआधी सर्व्हरची प्रत घेऊन ठेवा. गडबड झाली तर मागे जाता आले पाहिजे. सगळे चढल्यावर आकडे जुळवा: जुन्यात किती नोंदी, साफसफाईत किती कमी झाल्या, नव्यात किती आल्या. मग कुठल्याही तीस नोंदी काढून जुन्या आणि नव्या समोरासमोर ठेवून वाचा. हे काम संगणकवाल्या मुलाने करू नये, ग्राहकांना ओळखणाऱ्या माणसाने करावे. आमच्या त्या ऑफिसातील जुन्या मॅनेजरने हे तेव्हाच केले असते, तर तो फोन आला नसता.

एक दिवस ठरवा आणि त्या दिवसापासून नवी नोंद फक्त नव्या सॉफ्टवेअरमध्ये करा. दोन्हीकडे लिहीत राहिलात, तर दोन्ही अर्धवट राहतात. जुने खाते महिनाभर फक्त पाहण्यासाठी ठेवा.

चौथे पाऊल: मागे काही सोडू नका

प्रेषित मुहम्मद (स.) मक्का सोडून मदीनेला निघाले, तेव्हा लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले, असे सीरतच्या ग्रंथांत येते. जीवावर बेतलेले असतानाही ठेवींचा हिशेब आधी पुरा केला. आपली जागा बदलते तेव्हा मागे काय राहिले, हे पाहण्याची जबाबदारी आपलीच असते.

जुन्या खात्यातील माहिती पुसा आणि कंपनीकडून ती पुसल्याचे लेखी मागा. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म अजून जुन्या खात्यात माहिती पाठवत नाही ना, ते पाहा. व्हॉट्सॲप आणि ईमेलच्या जोडण्या तोडा. आणि सगळ्यात जास्त विसरले जाते ते म्हणजे एक्सपोर्ट केलेल्या फाइली. त्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये, पेन ड्राइव्हवर, कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे पडून राहतात. अनेकदा गळती तिथून होते. ज्या मूळ प्रती ठेवायच्या त्या कुलूपबंद, बाकी सगळ्या पुसून टाका.

कायदाही आता हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत दिलेली आहे. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. काम संपल्यावर, दुसऱ्या कायद्याने ठेवणे बंधनकारक नसेल, तर माहिती पुसायची आहे. सुरक्षेत हयगय झाली, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या पासपोर्टच्या प्रती नव्या सर्व्हरवर नेण्याआधी विचारा: याची आता गरज काय?

नंतरची रोजची राखण

प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्या, आणि माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी ते बंद करा. पासवर्डसोबत मोबाइलवरचा दुसरा कोड सुरू ठेवा. सर्व्हरचा पत्ता 'एचटीटीपीएस'वरच उघडेल असे करा, त्याचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळते. सर्व्हर ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर असेल, तर तो इंटरनेटवर उघडा टाकू नका, व्हीपीएन वापरा. बॅकअप रोज घ्या आणि त्याची एक प्रत ऑफिसच्या बाहेर ठेवा. तीन महिन्यांतून एकदा त्या बॅकअपवरून सगळे पुन्हा उभे करून पाहा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आणि शेवटचे. मालक स्वतः हजला गेला आणि मागे सर्व्हर बंद पडला, तर चावी कोणाकडे? पासवर्ड बंद पाकिटात भागीदाराकडे किंवा घरातील विश्वासू माणसाकडे द्या.

त्या ऑफिसने नंतर नोट्सची फाइल पुन्हा काढली आणि एकेक नोंद हाताने वाचली. इंतकाल झालेल्या आणखी अकरा ग्राहकांची खूण त्यात सापडली. त्यांच्या घरी मेसेज पोहोचण्याआधी त्या खुणा लागल्या, हे अल्लाहचे उपकार. तुम्ही मात्र हे काम पहिल्याच दिवशी करा.