अनोळखी माणसाशी दोन शब्द

रोजचा प्रवास सुखाचा कधी होईल, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, ‘कोणी न बोलता शांत बसू दिले तर!’ शिकागो विद्यापीठातील निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी हा समज प्रत्यक्ष तपासला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्यांचे तीन गट केले. एका गटाने शेजारच्या अनोळखी प्रवाशाशी गप्पा मारायच्या, दुसऱ्याने एकटे गप्प बसायचे, तर तिसऱ्याने नेहमीसारखाच प्रवास करायचा.

सर्वांत सुखद प्रवास गप्पा मारणाऱ्यांचा झाला. गंमत म्हणजे, ज्यांना केवळ अंदाज विचारला होता, त्यांनी नेमके उलटे उत्तर दिले होते. समोरच्याला बोलायची इच्छा नसेल, ही भीती त्यामागे होती. प्रत्यक्षात बोलायला गेलेल्यांपैकी कोणालाही झिडकारले गेल्याचा अनुभव आला नाही. प्रत्येक जण दुसऱ्याने सुरुवात करावी म्हणून थांबतो आणि सगळाच डबा गप्प राहतो.

कॅनडात कॉफीच्या दुकानात झालेल्या एका प्रयोगातही हेच आढळले. घाईने कॉफी घेऊन निघालेल्यांपेक्षा विक्रेत्याकडे पाहून हसणारे, दोन शब्द बोलणारे अधिक प्रसन्न होते.

आपल्याकडे भाजीवाल्या मावशींशी होणारी घासाघीस, वाण्याच्या दुकानातली विचारपूस, लोकलमधला ठरलेला ग्रुप यांतून हे आपोआप घडत असे. आता सामान मोबाइलवरून घरपोच येते, पैसेही न बोलता चुकते होतात. सोय वाढली, पण बोलण्याची निमित्ते कमी झाली. विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही निमित्ते मोलाची असतात. दिवसभरातला तेवढाच काय तो संवाद असू शकतो. एकटेपणाचा आरोग्यावरील परिणाम ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक नातेसंबंधांसाठी स्वतंत्र आयोग नेमला.

अर्थात, अशा गप्पा म्हणजे नैराश्यावरचा उपचार नव्हे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा. तसेच, समोरच्याने कानात इअरफोन घातले असतील, तर त्याच्या शांततेचाही मान राखावा. एरवी मात्र ‘आज गाडीला गर्दी आहे, नाही?’ एवढी सुरुवातही पुरते. त्याला ना पैसे लागतात, ना वेगळा वेळ.