पाराशा ‘बेशल्लाह’: आधी शनिवार, मग ग्रंथ

पाराशा म्हणजे तोराचा, मोशेच्या ग्रंथाचा, आठवड्यागणिक वाचायचा भाग. मागच्या आठवड्यात ‘बो’ या पाराशात इस्रायल लोक मिसरमधून निघाले. या शनिवारी सिनेगॉगमध्ये वाचला जाणारा ‘बेशल्लाह’ (निर्गम 13:17 ते 17:16) त्यांना समुद्रापलीकडे नेतो. समुद्र दुभंगला, फारोचे रथ बुडाले, हे सिनेमाच्या कृपेने सगळ्यांना ठाऊक आहे. पैलतीरावर मोशे आणि लोकांनी गायलेलं गीत ही या पाराशाची शान. ते वाचताना सारी मंडळी उभी राहते. चर्मपत्राच्या गुंडाळीतही त्या ओळी सलग नसतात. विटांच्या भिंतीसारख्या, मध्ये मोकळी जागा सोडून लिहिलेल्या असतात. या गीतावरूनच या शनिवाराला ‘शब्बाथ शिरा’, गीताचा शब्बाथ, असं वेगळं नाव आहे.

कोकणातून मुंबईत आलेल्या मराठी यहुद्यांचा, बेने इस्रायलांचा, विचार करताना मला मात्र या पाराशातला सोळावा अध्याय मोलाचा वाटतो. गाण्याचे सूर विरतात न विरतात तोच कुरकूर सुरू. मिसरमध्ये मांसाच्या हंड्यांपाशी बसून पोटभर जेवत होतो, इथे रानात उपाशी मारायला आणलंत का? मग आकाशातून अन्न येतं, मान्ना. पहाटेचं दव वाळलं की जमिनीवर बारीक पांढरे कण पसरलेले. माणशी एक ओमेर, म्हणजे एक माप, उचलायचा. हावरटपणाने जास्त भरला तरी मोजल्यावर तेवढाच निघतो. उद्यासाठी दडवून ठेवला तर त्यात किडे पडतात. फक्त शुक्रवारी दुप्पट मिळतो आणि तेवढा शनिवारी नासत नाही. तरीही काहीजण शनिवारी सकाळी गोळा करायला निघतातच, आणि हात हलवत परत येतात. असले लोक प्रत्येक काळात असतात.

आता क्रम पाहा. सिनाय पर्वत अजून यायचा आहे. दहा आज्ञा पुढच्या आठवड्याच्या ‘यित्रो’त आहेत. म्हणजे शनिवार पाळण्याचा लेखी हुकूम मिळण्याआधीच शनिवार अंगवळणी पडला, आणि तोही पोटाच्या वाटेने.

कोकणात बेने इस्रायलांचं हेच झालं. समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि ग्रंथ समुद्राने नेले. उरली ती ‘शेमा’ची प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नेम आणि शनिवारी बंद असणारा तेलाचा घाणा. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं ते या घाण्यावरून. पुढे दावीद रहाबी नावाच्या यहुदी पाहुण्याने त्यांना ओळखलं, झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून काजी, म्हणजे धार्मिक प्रमुख, केलं, असंही परंपरा सांगते. हिब्रू वाचता न येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळत होती, हे मला कोणत्याही चमत्काराहून कमी वाटत नाही.

ग्रंथ सापडला तो मुंबईत. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं, ‘शाअर हारहमीम’. प्रार्थनेची रीत शिकवायला कोचीनचे यहुदी आले. हिब्रू व्याकरणाचं पहिलं पुस्तक मात्र पाद्र्याकडून मिळालं. ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीवर उभं आहे त्या जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं आणि बाकीचं सौजन्याने परत केलं. पुढे जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पेसाहच्या (वल्हांडणाच्या) रात्री वाचायचा हागादा 1874 साली पुण्यात मराठीसह छापला गेला. त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत.

एवढं सगळं हाती आलं आणि शनिवार मात्र निसटायला लागला. घाणा स्वतःचा होता, थांबवला की थांबायचा. मुंबईतल्या गिरणीचा भोंगा दुसऱ्याचा. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्याने 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. परळ-लालबागच्या कामगारासाठी तो मोठाच विजय होता. बेने इस्रायल कामगाराच्या दृष्टीने सुट्टी एका दिवसाने चुकली. शनिवार पाळायचा तर आठवड्याला एक खाडा, म्हणजे पगाराला कात्री. परळची जेकब ससून मिल, नंतरची इंडिया युनायटेड नंबर एक, ही यहुदी मालकाची गिरणी. पण ससून बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या यहुद्यांपैकी. बगदादींच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्रायलांना पूर्ण यहुदी धरायचं की नाही यावरूनही वाद झाले. कचेऱ्यांतही तीच गत. राज्य सरकारला पाच दिवसांचा आठवडा सुचला तो 29 फेब्रुवारी 2020 पासून, तोवर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला जाऊन स्थिरावले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आता देशात काही हजारांवर आला आहे.

सात रस्त्याचं ‘तिफेरेथ इस्रायल’ आणि आग्रीपाड्याचं ‘मागेन हसिदीम’ ही या गिरण्यांच्या पट्ट्यातली सिनेगॉगं. तोरा वाचायची तर मिन्यान हवा, म्हणजे दहा प्रौढ पुरुष. नऊ जमले तर पाराशा वाचता येत नाही, घरी पुस्तकातून वाचा. दहावा आला की हेखाल, म्हणजे ग्रंथाचं कपाट, उघडतो, लाकडी नळकांड्यातला सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर येतो, त्यावरच्या चांदीच्या घंट्या किणकिणतात. तेबावर, म्हणजे वाचनाच्या मंचावर, तो उभाच ठेवून वाचतात. वाचन सात भागांत, प्रत्येक भागाला एकेकाला मानाने बोलावलं जातं. शेवटी हातबोशी: एकमेकांच्या हाताला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची.

मान्ना घरीही असतो, पण ओळखू येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजवून केलेल्या सरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, म्हणतात. शेजारी फडक्याखाली एक नव्हे, दोन पाव किंवा चपात्या ठेवतात. रानात शुक्रवारी पडलेल्या दुप्पट मान्नाची ती आठवण. कालवण नारळाच्या दुधातलं, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही आणि कोकणी माणसाला त्याची गरजही पडली नाही.

याच दिवसांत तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष, येतं. त्या निमित्ताने मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, नावाने हिब्रू गीत म्हणून फळांवर आशीर्वाद म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. मुंबई-ठाण्याहून बस करून तिकडे जायची रीत अजून आहे. मलिद्याचे पोहे शिजवायचे नसतात, पाण्यातून काढून निथळत ठेवायचे. आणि गूळ घालायचा तो बारीक चिरून, नाहीतर खडे दाताखाली येतात.