काल काय जेवलात?

काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं? आहार-सर्वेक्षणाची बरीचशी मदार या प्रश्नावर असते. ‘भाजी-भाकरी’ एवढ्या उत्तराने माहिती घेणाऱ्याचं भागत नाही. भाजी कसली, तीत दाण्याचं कूट होतं का, चहात साखर किती, सगळं खोदून विचारावं लागतं. तेलापाशी गाडं हमखास अडतं, कारण ते कुणी मोजून ओतत नाही. कर्त्या पुरुषाला विचारून तर काहीच उपयोग नसतो. चुलीपुढच्या बाईलाच विचारावं लागतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पद्धतीत यासाठी ठरावीक मापांच्या वाट्या-भांड्यांचा संच असतो. प्रस्तुत लेखकाला या संचाचं भारी कौतुक! घरच्या पातेल्यात आमटी कुठवर होती, हे बाई दाखवते आणि ते संचातल्या मापाने मोजलं जातं. समजा, 200 ग्रॅम तूरडाळीची एक लिटर आमटी झाली आणि थोरल्याच्या वाटणीला त्यातली 200 मिलिलिटर आली, तर त्याच्या पोटात 40 ग्रॅम डाळ गेली. शाळेत नकोसं वाटलेलं त्रैराशिक इथे असं कामी येतं. भाकरीची जाडी मात्र घरोघरी वेगळी, त्यामुळे तिथे पिठाचाच हिशेब बरा.

सणावाराचा, लग्नकार्याचा दिवस शक्यतो टाळतात. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ही चौकशी झाली, तर करंज्या-चकल्यांच्या जोरावर सारा महाराष्ट्र सुदृढ ठरायचा.

पूर्वेतिहास थोडक्यात असा: 1918 साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या संशोधनाला सुरुवात केली, त्यातूनच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली आणि 1958 मध्ये हैदराबादला आली. 1972 पासून राष्ट्रीय पोषण निरीक्षण विभागाने राज्याराज्यांत पाहण्या केल्या. संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांत 528 पदार्थ आहेत. मॅककॅरिसन यांनी निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना खाऊ घातले होते. त्यात शीख आहार पहिला आला आणि मराठा आहार तिसरा. पहिला नंबर हुकला तो बहुधा दुधातुपामुळे!

आहाराच्या मोजमापावर पुण्याने जोरदार वाद घातला. गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2250 कॅलरी धरून दारिद्र्याची रेषा आखली. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे यांनी त्यामागच्या गृहीतालाच हात घातला. एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, मग सरासरीखालचा प्रत्येकजण उपाशी कसा, हा त्यांचा सवाल. सवाल बिनतोड होता; पण त्यातून उपाशी माणसांची संख्या कागदावर घटत होती, आणि ते दांडेकरांना पटणं शक्य नव्हतं.

घरातल्या एकूण अन्नाचा हिशेब करताना बैठं काम करणारा पुरुष 1 एकक, तशीच स्त्री 0.8, एक ते तीन वर्षांचं मूल 0.4 असं धरतात. गरजेप्रमाणे वाटणी झाली, असं त्यात गृहीतच असतं. सगळ्यांच्या मागून जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात काय उरलं, ते या भागाकारात दिसत नाही.

ते दिसलं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून तिथल्या स्त्रियांचा गरोदरपणातला आहार नोंदवला. बाळाच्या आकाराशी नातं जुळलं ते कॅलरींपेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. मेथी-चाकवताची जुडी किती महत्त्वाची, हे वजनकाट्यानेच दाखवून दिलं.

मग मुंबईच्या वस्त्यांत प्रयोग झाला. पालेभाजी, फळं, दूध घालून समोशासारखे, भज्यांसारखे पदार्थ गर्भधारणेच्या आधीपासून बायकांना रोज दिले गेले. 2014 मध्ये निष्कर्ष आले: एकंदरीत बाळांचं वजन लक्षणीय वाढलं नाही, मात्र गर्भधारणेआधी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्या गटात ते सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरलं. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही तुलनेसाठीच्या गटात 12.4 टक्के, तर हा खाऊ घेणाऱ्या गटात 7.3 टक्के आढळलं. या प्रयोगात ‘काल खाल्लंत का?’ असं विचारायची वेळच येत नव्हती. केंद्रावर येऊन, कार्यकर्तीच्या डोळ्यांदेखतच तो खाऊ संपवायचा असे.