टँगोचा अरेंजर

खोताच्या वाडीत बसून टँगोवर बोलायचं म्हणजे मला फार लांब जायला नको. गिरगावातली आम्ही मुलं नाताळात इथे गल्लीत उभं राहून बँड ऐकायचो. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, मध्येच टँगो. फरक काही कळायचा नाही! आज बोलायचंय ते त्या नाचामागे बसलेल्या माणसाबद्दल, अरेंजरबद्दल. धून कुणाचीही असो, कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं हे कागदावर लिहून देणारा तो.

ब्युनोस आयरिसमध्ये 1930 च्या दशकात हुआन दारिएन्सो यांचा वाद्यवृंद ठसठशीत ठेक्यासाठी गाजत होता. आनिबाल त्रोइलो यांनी ठेका ठेवला, पण बांदोनेऑनला गायला लावलं. बांदोनेऑन म्हणजे हातात धरायची, भात्याची जर्मन पेटी. आपली हार्मोनियमही युरोपातूनच आली, हे जाता जाता. त्रोइलोंकडे 1939 मध्ये अठरा वर्षांचा आस्तोर पियाझोला वाजवायला लागला, पुढे अरेंजिंगही करू लागला. त्याने लिहिलेल्या कितीतरी नोट्स त्रोइलो खोडून टाकायचे. लोक नाचायला आलेत, त्यांची पावलं अडखळता कामा नयेत. आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही बरं का.

पियाझोला आठ मात्रांचे चार-चार न करता तीन-तीन-दोन करतो. टाळी देऊन बघा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. ही विभागणी जुन्या मिलोंगातही होती, त्याने ती पुढे आणून बसवली. 1974 च्या ‘लिबरटँगो’मध्ये स्वच्छ ऐकू येते.

1954 मध्ये तो पॅरिसला नादिया बुलाँजेंकडे शिकायला गेला, तेव्हा टँगो वाजवतो हे त्याने लाजून लपवलं होतं. बाईंनी वाजवायला लावलं आणि सांगितलं की खरा तू हाच. परतल्यावर मायदेशी लोक म्हणाले, हा टँगोच नव्हे.

मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, म्हणून विचारतो: रचना कुणाची, धून देणाऱ्याची की ती मांडणाऱ्याची? मुंबईच्या सिनेमात गोव्याचे वादक संगीतकारांच्या धुना ऐकून वाद्यवृंदासाठी पानंच्या पानं लिहीत होते. रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. 1958 मध्ये त्यांनी स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर रचना लिहिल्या. झेवियर कॉलेजात कार्यक्रम झाला, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पियाझोलाने जे केलं तेच, अरेंजरच्या खुर्चीतून उठून आपलं नाव लावणं. पण इथे ते टिकलं नाही. 1965 मध्ये ते अमेरिकेला गेले, परतून माजोर्ड्यात शांतपणे राहिले, 2012 मध्ये वारले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचं नाव सगळ्या देशाने गायलं. पडद्यावर मात्र अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येतात, आणि आपण हसतो.